चारशे ओळींच्या फंक्शनला टेस्ट लावताना

आमच्या कोडबेसमध्ये युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा एकेक तुकडा आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम, नव्हत्याच असं म्हणता येणार नाही. लॉगिनच्या होत्या, पण सगळ्यांवर कुणीतरी 'स्किप' लावून ठेवलं होतं. त्यामुळे टेस्टची कमांड दिली की क्षणात हिरवं, म्हणजे सगळं पास, दिसायचं, आणि हिरवं दिसतं म्हणून ती कमांड पाइपलाइनमध्येही, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीतही, मानाने बसली होती.

ॲप्लिकेशन सभासदत्वाचं. माणूस मासिक योजना घेतो, दर महिन्याला नूतनीकरण होतं, पैसे कापले जातात, पावतीचा मेल जातो. सर्व्हरला नोड आणि एक्सप्रेस, डेटाबेस पोस्टग्रेस, पुढच्या पडद्यांना रिॲक्ट, म्हणजे जगावेगळं काही नाही. नूतनीकरणाचं सगळं काम मात्र एकाच फंक्शनमध्ये होतं, चारशेच्या आसपास ओळींच्या. सभासद डेटाबेसमधून काढायचा, पुढची तारीख ठरवायची, रक्कम काढायची, पेमेंट गेटवेला हाक मारायची, पावती बनवायची, मेल पाठवायचा, आणि मधूनमधून लॉग. जो जो टीममध्ये आला त्याने आपापली एक 'इफ' (अट) त्यात घालून ठेवली होती. काही 'इफ' कशासाठी आहेत ते घालणाऱ्यालाच ठाऊक, आणि घालणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला.

नवं काम आलं ते वार्षिक योजनेचं, शिवाय मधेच योजना बदलायची सोय. म्हणजे त्या फंक्शनला हात लावणं आलंच. तोवर बदल तपासायची आमची पद्धत अशी: स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, एक खोटा सभासद तयार करायचा, डेटाबेसमध्ये जाऊन त्याची तारीख मागे सरकवायची, ठरल्या वेळी आपोआप चालणारा क्रॉन जॉब हाताने चालवायचा आणि मेल येतोय का बघत बसायचं. एखाद्या बदलापुरतं हे चालून जातं. पण मासिक-वार्षिक, सूट असलेला-नसलेला, महिनाअखेर, लीप वर्ष, अर्ध्यात बदललेली योजना, ह्यांचा एकमेकांशी गुणाकार झाला की ती यादी हाताने कुणी तपासत नाही. तपासली असं सांगतात.

लीड म्हणाला, "वार्षिक योजना नंतर. तू आधी ह्याला टेस्ट लाव, मग बघू." मॅनेजरच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण मागच्या रिलीजला झालेला गोंधळ ताजा होता, त्यामुळे परवानगी मिळाली.

पहिली अडचण टेस्ट लिहिण्याच्याही आधी आली. टेस्टच्या फाइलमध्ये ते मोड्यूल नुसतं इम्पोर्ट केलं तरी डेटाबेसशी जोडणी सुरू व्हायची, कारण जोडणीचा कोड फाइलच्या अगदी वरच, फंक्शनच्या बाहेर, उघड्यावर होता. मेलरचंही तेच. टेस्ट संपली तरी जोडणी उघडी राहायची आणि टेस्ट चालवणारं जेस्ट बिचारं 'काम संपलं तरी मला बाहेर पडता येत नाही' अशी तक्रार करत तसंच लटकून राहायचं. अजून एकही गोष्ट तपासली नव्हती आणि मी प्रोसेस हाताने मारत होते.

रिपॉझिटरीत एक जुनी, सोडून दिलेली ब्रँच (कोडची वेगळी शाखा) सापडली. माझ्याआधी कुणीतरी हाच डोंगर चढायला घेतला होता. त्या टेस्टमध्ये डेटाबेसचा मॉक (खऱ्याच्या जागी बसवलेली नक्कल), गेटवेचा मॉक, मेलरचा मॉक, इतकंच काय, तारखेच्या लायब्ररीचाही मॉक. पानभर मॉक आणि तळाशी एकच असर्शन, म्हणजे प्रत्यक्ष तपासणी: मेल पाठवायचं फंक्शन एकदा बोलावलं गेलं का? आता बघा, ह्या टेस्टचा उपयोग काय? रक्कम दुप्पट कापली गेली तरी ती हिरवीच राहील. आणि उद्या मी आतल्या आत दोन फंक्शनं चांगल्या हेतूने एकत्र केली तर मात्र लाल होईल. माझ्या मते असल्या टेस्टपेक्षा टेस्ट नसलेली बरी, कारण निदान खोटा धीर तरी मिळत नाही. ब्रँच सोडून देणाऱ्याचं मला कौतुकच वाटलं.

मॉक वाईट असतात असं मी म्हणत नाही. गेटवेला टेस्टमधून खरोखर पैसे कापायला कोण सांगणार? पण एका टेस्टला इतके मॉक लागतात तेव्हा दुखणं टेस्टमध्ये नसतं, कोडमध्ये असतं. आमच्या फंक्शनमध्ये ठरवणं आणि करणं हे दोन्ही एकमेकांत गुंतलेलं होतं. पुढची तारीख कोणती, रक्कम किती, हे ठरवायला ना डेटाबेस लागतो ना इंटरनेट. ते निव्वळ गणित आहे. पण त्या गणितापर्यंत पोचायला डेटाबेस आणि गेटवे ओलांडून जावं लागत होतं. हे गणित बाहेर काढलं की टेस्ट सोपी होणार, हे कागदावर लगेच दिसलं. पेच वेगळाच होता: टेस्ट नसताना कोड हलवायचा तर मोडण्याची भीती, आणि कोड हलवल्याशिवाय टेस्ट लिहिता येत नाही.

ह्यावर आम्ही जो मार्ग काढला तो जरा कंटाळवाणा होता, पण चालला. आधी फक्त असे बदल, ज्यांत विचार करावाच लागत नाही. डेटाबेसची जोडणी फाइलच्या वरून काढून सर्व्हर सुरू होतो त्या जागी नेली. गेटवे आणि मेलर फंक्शनला बाहेरून द्यायचे केले, न दिल्यास जुनेच वापरायचे. आणि 'आत्ता'. फंक्शनच्या पोटात नवी तारीख बनवून 'आत्ता किती वाजले' असं ठिकठिकाणी विचारलेलं होतं. मध्यरात्रीच्या तोंडावर काम सुरू झालं तर वरच्या ओळीला एक तारीख आणि खालच्या ओळीला दुसरी, असं होऊ शकत होतं. ते सगळं काढून 'आत्ता' हा एक पॅरामीटर केला. प्रत्येक बदलाचा वेगळा कमिट (नोंद), प्रत्येक पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामील करून घ्यायची विनंती, इतकी लहान की वाचणाऱ्याने चहूबाजूंनी पाहावी. रिव्ह्यू करणारा सहकारी वैतागून म्हणाला, "अगं, एका ओळीसाठी एक पुल रिक्वेस्ट?" मी म्हटलं, "हो, कारण ह्या ओळींना अजून टेस्ट नाहीत. तूच टेस्ट आहेस." तो हसला आणि मुकाट्याने वाचत राहिला.

एवढं झाल्यावर फंक्शन टेस्टमधून बोलावता यायला लागलं, खोटा गेटवे आणि खोटा मेलर देऊन. डेटाबेस मात्र खराच ठेवला, कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त वातावरणात, चालणारा पोस्टग्रेस. त्याचं कारण पुढे सांगते.

मग जुन्या फंक्शनची जबानी घेतली. निरनिराळे सभासद, निरनिराळ्या तारखा आत द्यायच्या आणि फंक्शन जे उत्तर देईल ते बरोबर की चूक असा विचार न करता जसंच्या तसं नोंदवायचं. मायकल फेदर्स यांनी २००४ साली आलेल्या, जुन्या कोडवरच्या आपल्या पुस्तकात ह्या प्रकाराला कॅरॅक्टरायझेशन टेस्ट म्हटलं आहे. 'काय व्हायला हवं' हे नव्हे, 'आज काय होतं' हे पकडून ठेवायचं. ऐकायला हे काम हमाली वाटतं. पण सगळ्यात जास्त माहिती मला ह्याच टप्प्यात मिळाली.

उदाहरणार्थ, ३१ जानेवारीला सभासद झालेला माणूस. जावास्क्रिप्टमध्ये तारखेला सेटमंथने एक महिना पुढे नेलं की ती '३१ फेब्रुवारी' बनते आणि असा दिवस नसल्यामुळे घसरत ३ मार्चवर जाते. लीप वर्ष असेल तर २ मार्चवर. म्हणजे त्या माणसाचे फेब्रुवारीत पैसेच कापले जात नव्हते. शिवाय पुढची तारीख मागच्या तारखेवरून काढलेली असल्यामुळे तो एकदा ३ तारखेवर गेला की कायमचा तिथलाच झाला. २९ आणि ३० तारखेच्या सभासदांचंही हेच. इतकी वर्षं हे कुणाच्याच लक्षात आलं नाही? आलं होतं की. मी नोंदी घेऊन अकाउंट्समध्ये गेले तर तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "फेब्रुवारीचा आकडा कमी येतो ना? ते आम्ही दर वर्षी हाताने जुळवतो. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं."

इथे मोह होतो लगेच दुरुस्त करायचा. केलं नाही. जुनं वागणं चूक म्हणून टेस्टमध्येच बरोबर उत्तर लिहिलं असतं तर त्या टेस्टने मला रिफॅक्टरिंगमध्ये, म्हणजे वागणं तेच ठेवून मांडणी बदलताना, राखलं नसतं. आधी चुकीसकट सगळं नव्या जागी हलवायचं, आणि चूक नंतर, वेगळ्या कमिटमध्ये, वेगळ्या चर्चेनंतर. ती चर्चा लांबली. महिन्यात तो दिवसच नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा, इथवर एकमत लगेच झालं. पण २८ फेब्रुवारीनंतर काय? २८ मार्च की ३१ मार्च? मागच्या तारखेवरून हिशेब केला तर २८, मूळ दिवसावरून केला तर ३१. शेवटी मूळ दिवस डेटाबेसमध्ये वेगळ्या रकान्यात ठेवायचा आणि दर वेळी त्यावरूनच पुढची तारीख काढायची असं ठरलं. जे आधीच घसरून ३ तारखेवर बसले होते त्यांना तिथेच राहू द्यायचं. हा निर्णय प्रोग्रामरने एकट्याने घ्यायचा नव्हता, आणि टेस्ट नसत्या तर तो माझ्या नकळत माझ्याकडूनच घेतला गेला असता.

नोंदींच्या टेस्ट हातात आल्यावर कापाकापी वेगाने झाली. पुढची तारीख काढणारं एक फंक्शन, रक्कम काढणारं एक, 'ह्या सभासदाचं आज काय करायचं' हे ठरवून नुसतं सांगणारं एक. ही तिन्ही बाहेरच्या जगाला हात लावत नाहीत. आत मूल्यं जातात, बाहेर मूल्यं येतात. मूळ चारशे ओळींचं फंक्शन उरलं ते सभासद आण, ह्या तिघांना विचार, गेटवेला सांग, लिहून ठेव, मेल पाठव, एवढंच करणारं. त्यात 'इफ' जवळजवळ उरल्या नाहीत. गणिताच्या फंक्शनांच्या टेस्ट लिहायला मॉक लागलाच नाही. एक तक्ता करायचा, डावीकडे इनपुट, उजवीकडे अपेक्षित उत्तर, आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक टेस्ट. हा तक्ता अकाउंट्सच्या बाईंनाही वाचता आला, आणि त्यांनी त्यात दोन ओळी सुचवल्या ज्या माझ्या डोक्यात कधीच आल्या नसत्या.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट तक्ता लिहितानाच बोचायला लागली. संगणक अपूर्णांक ज्या पद्धतीने ठेवतो तीत ०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३०००००००००००००००४ येतात, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण टूफिक्स्ड वापरून दोन दशांशांवर आणलं की प्रश्न मिटला असा समज असतो, तो खरा नाही. १.००५ ला टूफिक्स्डने दोन दशांशांवर आणा, उत्तर १.०१ येत नाही, १.०० येतं. कारण १.००५ हा आकडा आत मुळातच किंचित कमी साठवला जातो. आम्ही सगळ्या रकमा चलनाच्या सर्वात लहान एककात, पूर्णांकात ठेवायला सुरुवात केली. मग भागाकाराच्या वेळी उरलेल्या एकाचं काय करायचं हे स्पष्ट लिहावं लागतं. १०० चे तीन भाग केले की ३३, ३३ आणि ३४. तो जास्तीचा एक कुठल्या हप्त्याला जातो हे कुणीतरी ठरवायला हवं, नाहीतर तो नुसता गायब होतो.

मधेच योजना बदलण्याच्या हिशेबाला उदाहरणांचा तक्ता पुरेना. किती दिवस वापरले, किती उरले, जुन्या योजनेचे किती परत, नव्या योजनेचे किती घ्यायचे, ह्यात इतक्या शक्यता की निवडलेली उदाहरणं म्हणजे आपल्याला सुचलेलीच उदाहरणं. तिथे गुणधर्मांच्या टेस्ट वापरल्या. कल्पना जुनी आहे, २००० च्या आसपास हास्केल भाषेसाठी क्विकचेक हे साधन आलं तेव्हापासूनची. जावास्क्रिप्टमध्ये फास्टचेक नावाची लायब्ररी आहे. आपण उदाहरण द्यायचं नाही, नियम द्यायचा: वापरलेल्या दिवसांची रक्कम आणि परत करायची रक्कम मिळून भरलेली रक्कम झालीच पाहिजे, कुठलीही रक्कम ऋण नको. लायब्ररी आपल्या मनाने शेकडो इनपुट बनवून नियम मोडायचा प्रयत्न करते, आणि मोडला की ते इनपुट कमी कमी करत सगळ्यात साधं उदाहरण आणून समोर ठेवते.

तिने आणलेलं उदाहरण म्हणजे शून्य दिवसांचा कालावधी. हे अशक्य आहे असं मी म्हणणार होते, तेवढ्यात आठवलं की ॲडमिनच्या पानावर मोफत काळाचे दिवस शून्य टाकता येतात. शून्याला शून्याने भागलं की जावास्क्रिप्ट ओरडत नाही, 'नॅन' (आकडा नाही) देऊन पुढे जातं. आणि तो नॅन जेसनमध्ये, म्हणजे पाठवायच्या मजकुरात, बदलताना 'नल' (रिकामा) होतो. म्हणजे गेटवेकडे रक्कम म्हणून 'नल' गेलं असतं. त्याचं गेटवेने काय केलं असतं हे शोधायची वेळ आली नाही.

सगळं छान चाललंय असं वाटत असताना पाइपलाइनवर तारखांच्या टेस्ट लाल. माझ्या मशीनवर हिरव्या, तिथे लाल, आणि फरक बरोबर एका दिवसाचा. पाइपलाइनची यंत्रं यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालत होती, माझं मशीन यूटीसीच्या पुढे. जुन्या कोडमध्ये तारीख बनवताना वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे दिलेले होते, त्यातून स्थानिक मध्यरात्र बनते. मग ती आयएसओ ह्या प्रमाण लिखित रूपात नेऊन पहिली दहा अक्षरं कापून घेतलेली. आयएसओ रूप यूटीसीत असतं, म्हणून यूटीसीच्या पुढे असलेल्या प्रत्येक मशीनवर आदला दिवस येणार. प्रॉडक्शनचा, म्हणजे खऱ्या सभासदांचा, सर्व्हरही यूटीसीवरच असल्यामुळे ही चूक आजवर झाकलेली राहिली होती. कुणी सर्व्हरचं घड्याळ स्थानिक वेळेवर नेलं असतं तर एका रात्रीत सगळ्यांच्या तारखा सरकल्या असत्या.

उलट प्रकारही कोडमध्ये होता. नुसती तारीख असलेली अक्षरमाला दिली तर जावास्क्रिप्ट ती यूटीसी धरतं, तिलाच वेळ जोडली आणि टाइमझोन लिहिला नाही तर स्थानिक धरतं. हे लक्षात ठेवून कोड लिहिणं मला जमणार नाही आणि कुणाला जमतं असा दावा केला तर विश्वास बसणार नाही. म्हणून नूतनीकरणाची तारीख ही 'क्षण' म्हणून ठेवायचंच बंद केलं. वर्ष-महिना-दिवस एवढीच अक्षरमाला, आणि तिच्यावरचं गणित करणारी मोजकी फंक्शनं. दोन तारखांमधले दिवस काढताना मिलिसेकंदांना २४ तासांनी भागायची सवयही त्याच झटक्यात गेली, कारण जिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात तिथे वर्षातला एक दिवस २३ तासांचा असतो आणि एक २५ चा. आता पाइपलाइन सगळ्या टेस्ट टीझेड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून तीन वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये चालवते. टेस्ट वेगवान असल्यामुळे हे परवडतं.

डेटाबेस खरा का ठेवला, ते सांगायचं राहिलं. मेमरीत चालणारा एसक्यूलाइट डेटाबेस घेतला की टेस्ट जलद होतात आणि काही बसवावं लागत नाही, म्हणून टीममध्ये त्याला बरीच मतं होती. पण एसक्यूलाइटमधलं शोधासाठीचं 'लाइक' इंग्रजी अक्षरांचा लहान-मोठा भेद मानत नाही आणि पोस्टग्रेसमधलं मानतं. सभासद शोधण्याची क्वेरी एकावर हिरवी, दुसऱ्यावर रिकामी. हे एक उदाहरण दाखवल्यावर वाद संपला. प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये सुरू होते आणि शेवटी रोलबॅक, म्हणजे केलेलं सगळं मागे घेतलं जातं, त्यामुळे एका टेस्टचा कचरा दुसरीच्या अंगणात जात नाही. अशा टेस्ट थोड्याच आहेत. गणित सगळं वर सांगितलेल्या शुद्ध फंक्शनांत असल्यामुळे थोड्या पुरतात.

टीममध्ये जावाहून आलेला एक आणि पीएचपीहून आलेली एक अशी माणसं आहेत. दोघांनाही जेस्टच्या टेस्ट वाचायला अडचण आली नाही. १९९७ मध्ये केंट बेक आणि एरिक गामा यांनी जेयुनिट हे जावासाठीचं टेस्ट-साधन लिहिलं, त्याच्याही मागे बेक यांचंच स्मॉलटॉकमधलं एसयुनिट होतं, आणि तीच घडण कमीजास्त प्रमाणात सगळीकडे पोचलेली आहे. त्यांना शिकवायला लागलं ते असिंक, म्हणजे उत्तर नंतर येणाऱ्या कोडच्या, टेस्टबद्दल. 'कार्ड नाकारलं तर एरर यायला हवी' अशी टेस्ट, आणि त्यात 'अवेट' (उत्तर येईपर्यंत थांब) राहून गेलेलं. मग प्रॉमिसचं, म्हणजे नंतर येईल म्हणून कबूल केलेलं, उत्तर यायच्या आत टेस्ट संपते, आणि असर्शन तपासलंच गेलेलं नसल्यामुळे हिरवी होते. आमच्याकडे रिव्ह्यूमध्ये अशा टेस्ट सापडल्या त्या एका नियमामुळे: नवी टेस्ट मर्ज होण्याआधी ती एकदा लाल झालेली दाखवायची. ज्या ओळीसाठी टेस्ट लिहिली ती ओळ मुद्दाम बिघडवायची आणि टेस्ट चालवायची. तरीही हिरवी राहिली तर ती टेस्ट परत लिहायची. मग कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणाऱ्या लिंटरचा नियमही लावला, वाऱ्यावर सोडलेलं प्रॉमिस दिसलं की तो अडवतो. माणसाने लक्षात ठेवायच्या गोष्टी जितक्या यंत्राकडे जातील तितक्या बऱ्या. फॉरमॅटिंगवरून रिव्ह्यूत होणाऱ्या चकमकीही मांडणी आपोआप लावणारं प्रिटिअर बसवल्यावर थांबल्या.

मग वरून कव्हरेजचा, म्हणजे टेस्टमध्ये किती टक्के कोड चालतो त्याचा, आकडा आला. ऐंशी टक्के. आकडा आला की लोक आकड्यासाठी काम करतात, ते ओघानेच आलं. एका पुल रिक्वेस्टमध्ये एका मोड्यूलची सगळी फंक्शनं नुसती बोलावलेली, असर्शन एकही नाही. कव्हरेज शंभर टक्के! त्या ओळी चालल्या, एवढंच कव्हरेज सांगतं. त्यांचं उत्तर कुणी पाहिलं का, हे त्याला कळत नाही. शिवाय ओळींचं कव्हरेज आणि फांद्यांचं (अटीच्या प्रत्येक बाजूचं) कव्हरेज ह्यांत फरक आहे. एकाच ओळीत प्रश्नचिन्ह आणि विसर्गवाला टर्नरी (एका ओळीतली अट) लिहिला तर एकच बाजू चालूनही ती ओळ हिरवी रंगते. आम्ही फांद्यांचा आकडा बघायला लागलो, आणि तोही फक्त कुठे काहीच टेस्ट नाही हे शोधायला.

टेस्टची परीक्षा घ्यायला म्युटेशन टेस्टिंग वापरून पाहिलं. स्ट्रायकर नावाचं साधन आपल्या कोडमध्ये लहान लहान बिघाड करतं, अधिकच्या जागी उणे, 'पेक्षा मोठं' च्या जागी 'पेक्षा मोठं किंवा समान', आणि प्रत्येक बिघाडावर टेस्ट चालवतं. टेस्ट लाल झाल्या तर बिघाड पकडला गेला. हिरव्या राहिल्या तर बिघाड जिवंत राहिला, म्हणजे तिथे आपली नजर नाही. ही कल्पना रिचर्ड लिप्टन यांनी १९७१ मध्ये विद्यार्थी असताना मांडली होती, पण एवढ्या वेळा टेस्ट चालवायच्या तर यंत्राला जोर हवा, तो पुढे आला. आमच्याकडे जिवंत राहिलेल्यांत एक मासला असा: मुदत संपण्याच्या दिवशीच सभासदाने रद्द केलं तर पैसे कापायचे की नाही? त्या तुलनेतलं चिन्ह बदललं तरी कुठलीच टेस्ट हलली नाही. तक्त्यात आदला दिवस होता, नंतरचा दिवस होता, तोच दिवस नव्हता. तक्रारी नेमक्या तोच दिवस धरून येतात. स्ट्रायकर वेळखाऊ आहे, म्हणून ते फक्त गणिताच्या फोल्डरवर आणि तेही रात्री चालतं.

पुढच्या बाजूबद्दल थोडक्यात. रिॲक्टच्या कंपोनंटचे, म्हणजे पडद्याच्या तुकड्यांचे, स्नॅपशॉट (जतन केलेल्या प्रती) आमच्याकडे ढिगाने होते आणि लाल झाले की सगळे न वाचता अपडेट करायचे, त्यामुळे काढून टाकले. आता बटण त्याच्या भूमिकेवरून आणि नावावरून शोधायचं, जसं ते वापरणाऱ्याला दिसतं तसं. ह्यातून अनपेक्षित लाभ झाला: 'रद्द करा' चं बटण टेस्टला सापडेचना, कारण त्यात नुसतं चिन्ह होतं, नाव नव्हतं. म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही ते सापडत नव्हतं.

काय तपासायचं नाही हेही ठरवावं लागलं. दुसऱ्याच्या लायब्ररीची टेस्ट आपण लिहायची नाही. नुसतं मूल्य परत देणाऱ्या फंक्शनाला टेस्ट नको. रंग-रूपाला नको. आणि बग आला की आधी तो बग दाखवणारी लाल टेस्ट, मग दुरुस्ती. दोन्ही एकाच पुल रिक्वेस्टमध्ये, पण टेस्टचा कमिट आधी, म्हणजे वाचणाऱ्याला तो मागे जाऊन लाल बघता येतो. टेस्टचं नाव पूर्ण वाक्यात लिहायचं, 'महिन्यात मूळ दिवस नसेल तर शेवटचा दिवस धरतो' असं. पाइपलाइन लाल झाली की नुसत्या नावावरून काय मोडलं ते कळलं पाहिजे.

वार्षिक योजना मग त्या तीन फंक्शनांत थोड्या ओळी आणि तक्त्यात बऱ्याच ओळी वाढवून झाली. उशिराने झाली हे खरं, मॅनेजर ते अजून ऐकवतो. दुसऱ्या बाजूला, फेब्रुवारीचा आकडा हाताने जुळवायचं अकाउंट्सचं काम नव्या सभासदांपुरतं तरी गेलं.

सध्या पावतीची पीडीएफ बनवणारं मोड्यूल घेतलं आहे. तिथेही आधी जबानी. पण पीडीएफच्या पोटात ती बनवल्याची वेळ लिहिलेली असते, त्यामुळे बाइट जुळवून पाहिले तर प्रत्येक टेस्ट दर वेळी लाल. सहकाऱ्याचं म्हणणं की 'आत्ता' तिथेही बाहेरून द्यावं आणि बाइट जुळवावेत. माझं म्हणणं की पीडीएफमधला मजकूर काढून तेवढाच ताडावा, कारण फॉन्टची लायब्ररी अपडेट झाली की बाइट तसेही बदलणार. दोन्ही प्रकारच्या टेस्ट लिहून दोन ब्रँचवर ठेवल्या आहेत. लायब्ररीचं पुढचं अपडेट आलं की कुठली ब्रँच विनाकारण लाल होते ते बघून एक काढून टाकू.